पावसाळ्याआधी गावचं पाणी : १ मेच्या ग्रामसभेत काय मांडायचं आणि टाकी-विहिरीवर काय करायचं

शिवारफेरी

एप्रिलचं पाणी स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण सगळीकडे सुरू आहे. हिरवं कार्ड (कमी जोखीम) मिळालं की गाव निश्चिंत होतं, पिवळं (मध्यम जोखीम) मिळालं की कागद फायलीला लागतो, आणि जुलैत पहिली साथ आली की सगळे टीसीएलच्या (ब्लीचिंग पावडरीच्या) पोत्यामागे धावतात. तो धावता काळ टळावा म्हणून हा धागा. ग्रामपंचायतीत काम केलेल्या, पाणी सोडणाऱ्या, नमुने तपासणाऱ्या सगळ्यांनी नेमकं लिहावं ही विनंती. "पाणी उकळून प्या" हे सर्वांना ठाऊक आहे, त्यापुढचं हवं.

हिशोब सगळ्यांना एकच राहावा म्हणून एक गाव धरू. लोकसंख्या २०००. सार्वजनिक विहीर एक, व्यास ५ मीटर, पाणी ४ मीटर. उंच टाकी ५०,००० लिटरची, तिचाही व्यास ५ मीटर. पंप ७.५ अश्वशक्तीचा, टाकीत तासाला २५,००० लिटर टाकतो. वाटपाचे तीन भाग : वरची आळी, पेठ, खालची वस्ती. कार्ड पिवळं.

आडविहीर

टीसीएलपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

चांगल्या, ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. तेवढ्या ताकदीची पावडर १००० लिटरला ५ ग्रॅम. ५०,००० लिटरची टाकी भरली की २५० ग्रॅम.

आता तुमच्या गावाचा हिशोब बघा. माणशी रोज ५५ लिटर धरलं तर २००० लोकांना १ लाख १० हजार लिटर लागतं. म्हणजे टाकी दिवसातून दोनदा भरून वर थोडी. पण बहुतेक ठिकाणी टीसीएल सकाळी एकदाच पडतं. दुपारी भरलेली टाकी कोरडी जाते, आणि संध्याकाळी जिथे पाणी सुटतं त्या वस्तीला क्लोरीन मिळतच नाही. डोस दिवसाचा नसतो, भरलेल्या पाण्याचा असतो. एवढं एक वाक्य पंपघराच्या दारावर ऑइलपेंटने लिहून ठेवा.

विहिरीत टाकायचं असेल तर : व्यास × व्यास × पाण्याची खोली × ३.१४ भागिले ४, गुणिले १०००. ५ × ५ × ४ × ३.१४ ÷ ४ = ७८.५ घनमीटर, म्हणजे ७८,५०० लिटर. टीसीएल साधारण ४०० ग्रॅम. पाण्याची खोली दर आठवड्याला दोरीला दगड बांधून मोजायची, कारण जूनमध्ये ४ मीटर असलेलं पाणी ऑगस्टमध्ये ७ मीटर होतं आणि डोस मात्र जुनाच चालू राहतो.

टाकी असलेल्या गावात रोजचा डोस टाकीतच द्यावा. विहीर साफ केल्यावर, किंवा पुराचं पाणी आत गेल्यावर, विहिरीचा वेगळा डोस.

तोटी

आडविहीरदादा, बरोबर. कृतीसुद्धा लिहायला हवी, कारण कोरडी पावडर थेट टाकीत उधळणारे अजून आहेत.

प्लास्टिकची बादली घ्या, लोखंडी नको. पावडरीत आधी थोडंच पाणी घालून भाकरीच्या पिठापेक्षा सैल असा लगदा करा, गुठळ्या मोडा. मग पाऊण बादली पाणी घालून लाकडी दांड्याने ढवळा. दहा-पंधरा मिनिटं तशीच ठेवा. चुना खाली बसतो, वर हिरवट पिवळं निवळ पाणी राहतं. क्लोरीन त्या निवळीत असतो. ती दुसऱ्या बादलीत ओता आणि तीच टाकीत टाका. खालचा चुना टाकीत गेला की तळाला थर धरतो, व्हॉल्व्हमध्ये अडकतो, आणि नळाला पांढरं पाणी आलं म्हणून बायका ते पाणी ओतून देतात.

टाकी एक तृतीयांश भरली की निवळी टाकायची. वरून पडणाऱ्या धारेने ती आपोआप मिसळते. भरलेल्या टाकीवर ओतली तर वरच्या थरात राहते. शेवटी निदान अर्धा तास पाणी सोडायचं नाही. तासभर मिळाला तर उत्तम.

नाकातोंडाला फडकं, हातात रबरी मोजे, आणि वाऱ्याकडे पाठ.

गावठाण

पंप चालू असतानाच वाटपही चालू असतं अशी गावं खूप आहेत. तिथे "टाकी भरली की टाका" हे लागूच पडत नाही. त्यांनी काय करायचं?

आडविहीर

थेंबथेंब पद्धत. टाकीच्या झाकणाजवळ, पाणी पडतं त्या तोंडाशी, तोटी बसवलेला प्लास्टिकचा पिंप ठेवायचा. ५५ लिटर पाण्याला ५५० ग्रॅम टीसीएल, म्हणजे लिटरला १० ग्रॅम. निवळी करूनच भरायची, नाहीतर तोटी चुन्याने बुजते.

तासाला २५,००० लिटर पाणी येतंय म्हणजे तासाला १२५ ग्रॅम टीसीएल हवं, म्हणजे साडेबारा लिटर द्रावण, म्हणजे मिनिटाला २०० मिलिलिटरच्या किंचित वर. तोटीखाली १०० मिलिलिटरचं मापटं धरा. ते २९ सेकंदांत भरलं पाहिजे. जास्त वेळ लागला तर तोटी थोडी उघडा. पिंप रिकामा होत आला की धार मंदावते, म्हणून दर तासाला एकदा मापटं धरून बघायचं. पंप साधारण चार तास चोवीस मिनिटं चालतो, तेवढ्यात ५५ लिटर संपतात.

पंप बंद झाला की तोटी बंद. वीज गेली आणि पिंप ठिबकतच राहिला, तर टाकीत क्लोरीन इतका चढतो की लोक आठ दिवस नळाचं पाणी तोंडात घेत नाहीत आणि ओढ्याकडे वळतात. ते सगळ्यात वाईट.

नोंदवही

साठ्याचं लिहितो. रोज ५५० ग्रॅम, म्हणजे महिन्याला साडेसोळा किलो, वर्षाला सुमारे २०० किलो, २५ किलोची आठ पोती. पण आठही पोती मार्चअखेर निधी संपवायचा म्हणून एकदम घेऊ नका. टीसीएल ओल, ऊन आणि उघड्या हवेने मरतं. तिमाहीला दोन पोती घ्यावीत, पावसाळ्याच्या तोंडावर एक जास्त.

घेताना पोत्यावर आयएस १०६५ चा शिक्का आणि उत्पादनाचा महिना बघा. आल्याबरोबर नमुना आरोग्य प्रयोगशाळेत पाठवा. २० टक्क्यांच्या खाली क्लोरीन निघाला तर ती पावडर वापरायची नाही. मधल्या ताकदीची असेल तर डोस वाढवायचा : ५ × ३३ ÷ जितके टक्के निघाले तितके. २५ टक्के निघाली तर ६.६ ग्रॅम, २० टक्के निघाली तर सव्वाआठ ग्रॅम.

ठेवायची जागा : अंधारी, कोरडी, हवेशीर खोली. खाली लाकडी फळ्या, पोतं उघडलं की झाकणाच्या प्लास्टिक पिंपात. ग्रामपंचायत कार्यालयातल्या कपाटाशेजारी कधीही नाही. त्या वाफेने कपाटाच्या बिजागऱ्या गंजतात, टाचण्या गंजून कागदाला भोकं पडतात, आणि नमुना ८ ची पानं पिवळी होऊन कडेने तुटू लागतात. कर आकारणीची नोंदवही एकदा अशी गेली की घराघराचे वाद उभे राहतात.

उंबरठा

फील्ड टेस्ट किट वापरणाऱ्या महिलांसाठी काही मुद्दे.

ओटी चाचणी म्हणजे पाण्यात उरलेला क्लोरीन रंगावरून मोजणं. तिचा रंग थेंब टाकून ढवळल्यावर लगेच, दहा सेकंदांच्या आत वाचायचा. मोकळा क्लोरीन तेवढ्यात दिसतो. नळी हातात धरून गप्पा मारत पाच मिनिटांनी बघितलं तर रंग गडद होतो, कारण तोवर पाण्यातल्या घाणीशी बांधला गेलेला क्लोरीनही रंग देतो. मग वहीत "०.५" लिहिलं जातं आणि प्रत्यक्षात ०.१ सुद्धा नसतो.

तीन जागा ठरलेल्या हव्यात : टाकीखालचा नळ, पेठेतला एक आणि खालच्या वस्तीतलं अगदी शेवटचं घर. शेवटच्या नळाला लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम यायलाच हवा, साथीच्या दिवसांत ०.५. पाणी सुटल्याबरोबर पहिलं पाणी घ्यायचं नाही, ते रात्रभर पाइपात साचलेलं असतं. दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या.

टाकीखाली ०.८ आणि पेठेत एकदम शून्य आलं, तर टीसीएल वाढवून भागत नाही. मध्ये कुठेतरी घाण आत येते आहे आणि ती क्लोरीन खाऊन टाकते आहे. वहीतला हा आकडा गळती शोधायला सगळ्यात स्वस्त साधन आहे, पण तो वाचणारा कुणी हवा.

तोटी

उंबरठाताई, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. घाण आत येते कशी हे लोकांना पटवणं अवघड जातं. "पाइपातून पाणी बाहेर गळतं, आत कसं येईल?" असा प्रश्न प्रत्येक ग्रामसभेत येतो.

उत्तर असं : पाणी चालू असताना बाहेर गळतं. पाणी बंद झालं की उताराकडचं पाणी पुढे निघून जातं आणि मागे पाइपात पोकळी होते. ती पोकळी त्याच भोकातून बाहेरचं ओढते. भोक गटारात असेल तर गटार ओढलं जातं. आपल्याकडे पाणी दिवसातून तासभर सुटतं, म्हणजे बाकीचे तेवीस तास हा धोका.

ओढून घेण्याच्या तीन जागा हमखास :

गटार ओलांडणारा घरजोडणीचा पाइप. अर्ध्या इंची पाइप गटाराच्या तळातून नेलेला, आणि सांधा नेमका गटारात. जोडणी गटाराच्या वरून न्या, किंवा त्याला एक माप मोठ्या पाइपचं आवरण घाला. आवरण गटाराच्या दोन्ही बाजूंना हातभर बाहेर निघालं पाहिजे आणि आत एकही सांधा नको.

नळाखालचे खड्डे. दाब कमी म्हणून लोक अंगणात कमरेएवढा खड्डा खणून नळ खाली नेतात. खड्ड्यात सांडपाणी साचतं, नळ त्यात बुडतो, पाणी बंद झालं की तेच आत.

टुल्लू मोटर. ती थेट पाइपावर लावली की पाणी चालू असतानाही शेजारच्या भागात पोकळी होते.

व्हॉल्व्हच्या खड्ड्यांचंही तसंच. झाकण फुटलेलं, आत गुडघाभर काळं पाणी, आणि व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीच्या ग्लँडमधून थेंब. खड्डा उपसून तळाला खडी-वाळू घाला आणि ग्लँडची दोरी बदला. खर्च किरकोळ, पण पिवळं कार्ड हिरवं होण्यात याचा वाटा मोठा.

गावठाण

टुल्लू बंद करा म्हणणं सोपं आहे. खालच्या वस्तीला पाणी पोचतच नाही म्हणून लोक मोटर लावतात. आधी पाणी द्या, मग मोटर काढा.

पाणवाटा

गावठाणदादांचं म्हणणं योग्य आहे, मोटर हा परिणाम आहे. पण दाब कुठे मरतो तेही बघू.

उंचावरच्या भागाला पाणी पहिल्यांदा सोडायचं, टाकी काठोकाठ असताना. सखल भागाला शेवटी. बहुतेक ठिकाणी उलटं चालतं, कारण सखल भागातला व्हॉल्व्ह पंपघराच्या जवळ असतो. दोन भाग एकदम चालू ठेवावे लागत असतील तर सखल भागाचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचा नाही. किती आटे उघडल्यावर वरच्या शेवटच्या घरी बादली भरते ते एकदा बसून ठरवा, आणि तो आकडा झाकणाच्या आतल्या बाजूला रंगाने लिहा : "साडेचार आटे". पाणी सोडणारे मामा रजेवर गेले की बदली माणूस सगळे आटे उघडतो आणि त्या दिवशी वरच्या आळीत भांडण होतं. आकडा लिहिलेला असेल तर होत नाही.

दुसरं, तोट्या. तोटी नसलेला नळ मिनिटाला १५ लिटर सोडत असेल तर तासात ९०० लिटर गेले. ५५ लिटरच्या हिशोबाने ते सोळा माणसांचं दिवसाचं पाणी. पेठेत असे वीस नळ धरा आणि खालच्या वस्तीचं पाणी कुठे जातं ते समजेल. त्यामुळे क्रम असा असावा : आधी तोट्या आणि गळती, मग वाटपाची वेळ नव्याने, मग पंधरा दिवस शेवटच्या घरी बादली भरायला किती वेळ लागतो ते मोजणं, आणि त्यानंतर मोटरजप्तीचा ठराव.

गळती मोजायची सोपी रीत. रात्री टाकी भरा, बाहेर जाणारे सगळे व्हॉल्व्ह बंद करा, पाण्याची पातळी मोजा. पहाटे परत मोजा. ५ मीटर व्यासाच्या टाकीत १ सेंटिमीटर म्हणजे जवळपास १९६ लिटर. ५ सेंटिमीटर उतरलं तर हजार लिटरच्या आसपास गेलं, टाकी गळते आहे किंवा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. दुसऱ्या रात्री घराघरातले नळ बंद ठेवायला सांगून एकाच भागाचा व्हॉल्व्ह तासभर उघडा. पाइप भरून घ्या, मग पातळी बघा. त्या तासात जे उतरतं ती त्या भागाची गळती. तीन भागांना तीन रात्री.

वीजबिलाशी जोडून दाखवलं की सदस्यांना पटकन पटतं. रोज २२,००० लिटर गळती म्हणजे पंपाची ५३ मिनिटं. ७.५ अश्वशक्तीची मोटर तासाला साधारण साडेसहा युनिट घेते. म्हणजे दिवसाला पावणेसहा, महिन्याला १७० युनिट गटारात.

कौलारू

कोकणातल्या वाड्यांना टाकी नसते, पाच-सात घरांत एक विहीर असते आणि पाणी पोहऱ्याने काढतात. तिथे रोज टीसीएल कोण टाकणार? त्यासाठी नागपूरच्या नीरी संस्थेने बसवलेली दुहेरी मडक्याची पद्धत अजून उपयोगी आहे.

१ किलो टीसीएल आणि २ किलो जाडसर वाळू किंचित ओली करून एकत्र करायची. आतल्या मडक्यात भोकाच्या ३ सेंटिमीटर खालपर्यंत भरायची. आतलं मडकं बाहेरच्या मडक्यात ठेवायचं. बाहेरच्याचं भोक तळापासून ४ सेंटिमीटर वर, दोन्ही भोकं साधारण १ सेंटिमीटरची. तोंड पॉलिथिनने बांधून पाण्याच्या पातळीखाली मीटरभर सोडायचं. साडेचार हजार लिटर पाणी असलेल्या, रोज चारशे लिटरच्या आसपास उपसा असलेल्या विहिरीला दोन-तीन आठवडे पुरतं. मोठ्या विहिरीत याचा उपयोग होत नाही, आणि बारीक वाळू घातली तर मिश्रण सिमेंटसारखं घट्ट होतं, क्लोरीन बाहेरच पडत नाही.

आणि विहिरीचा कठडा, भोवतीचा ओटा, पाणी वाहून नेणारी मोरी. ओट्याला भेग असेल तर कपडे धुतलेलं पाणी परत विहिरीत. शौचालयाचा शोषखड्डा विहिरीपासून किमान १५ मीटर. जांभ्याच्या जमिनीत तर मी त्याहून जास्तच म्हणेन, जांभा सच्छिद्र असतो.

शिवारफेरी

नदीकाठच्या गावांचा एक प्रश्न राहिला. पहिल्या पुराचं गढूळ पाणी आलं की टीसीएल दुप्पट करतात आणि तरी ओटी शून्य येते.

आडविहीर

कारण गाळ क्लोरीन खातो आणि जंतू गाळाच्या कणांआड लपतात. आधी तुरटी, पाणी निवळू द्यायचं, मग टीसीएल. दोन्ही एकदम नाही.

तुरटी किती हे अंदाजाने ठरवू नका. १० ग्रॅम तुरटी कुटून १ लिटर पाण्यात विरघळवा. या द्रावणाच्या १ मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम तुरटी असते. लिटरच्या चार पारदर्शक बाटल्यांत गढूळ पाणी भरा, त्यांत २, ३, ४ आणि ५ मिलिलिटर घाला. औषधाची सुई नसलेली सिरिंज मापाला चालते. एक मिनिट जोरात हलवा, दहा मिनिटं हळूहळू, मग अर्धा तास स्थिर. सगळ्यात कमी तुरटीत जी बाटली निवळली ती तुमची मात्रा. ३ मिलिलिटरची निवळली तर १००० लिटरला ३० ग्रॅम. पाऊस वाढला की परत करून बघायचं, सकाळची मात्रा संध्याकाळी चालेलच असं नाही.

निवळायला वेगळी टाकी नसेल तर पहिल्या लोंढ्याचे एक-दोन दिवस पंपच बंद ठेवावा, आणि त्याआधी टाकी भरलेली असावी. हे ग्रामपंचायतीने आधी जाहीर केलं तर लोक समजून घेतात.

तोटी

टाकी धुण्याचंही आताच ठरवा, पाऊस लागल्यावर शिडीवर चढणं धोक्याचं.

आदल्या दिवशी दवंडी आणि गावच्या व्हॉट्सॲप गटावर निरोप. टाकी वाटपातूनच उतरू द्या, तळाला हातभर राहिलं की धुण्याचा व्हॉल्व्ह उघडा. झाकण तासभर आधी उघडून हवा खेळू द्या. आत एकटा माणूस कधीही उतरवू नका. कमरेला दोर, वर दोन माणसं. नायलॉनच्या ब्रशने भिंती, मग तळ. साबण किंवा कपड्याची पावडर वापरायची नाही.

धुऊन झाल्यावर २० लिटर पाण्यात १२ ग्रॅम टीसीएलची निवळी करून भिंतींना खालपासून वरपर्यंत ब्रशने लावा. हे काम झटपट करून माणूस लगेच बाहेर, कारण बंद टाकीत क्लोरीनचा वास चढतो, खोकला लागतो. अर्ध्या तासाने एकदा पाण्याने खंगाळून ते पाणी सोडून द्या. मग भरा, नेहमीचा डोस द्या. धुतल्याची आणि पुढे धुण्याची तारीख टाकीच्या खांबावर रंगवा, वहीत लिहून कुणी वाचत नाही. झाकणाला कुलूप, हवेच्या पाइपला जाळी.

उंबरठा

प्रयोगशाळेत नमुना पाठवताना होणारी चूक. जैविक तपासणीची निर्जंतुक बाटली काही जणी आधी पाण्याने विसळतात. विसळायची नाही. आत क्लोरीन मारणारं रसायन थोडंसं घातलेलं असतं, ते निघून जातं आणि निकाल चुकतो. नळ दोन-तीन मिनिटं सोडा, बाटलीच्या तोंडाला बोट लावू नका, वर थोडी जागा ठेवून भरा, बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोचवा. चोवीस तासांच्या पुढे गेला तर त्याला अर्थ नाही.

रासायनिक तपासणीचा कॅन मात्र त्याच पाण्याने तीनदा विसळायचा. दोन्हींच्या रीती उलट आहेत, म्हणून गोंधळ होतो. रासायनिक अहवालात नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या वर आणि फ्लोराइड दीड मिलिग्रॅमच्या वर आहे का ते आधी बघा. नायट्रेट उकळल्याने जात नाही, टीसीएलनेही जात नाही. तिथे उकिरडे आणि शोषखड्डे स्रोतापासून हलवणं किंवा दुसरा स्रोत शोधणं एवढंच हातात राहतं.

नोंदवही

आता ग्रामसभा. वर लिहिलेलं सगळं करायला पैसा आणि हुकूम लागतो, आणि तो ठरावातून येतो.

वर्षाला किमान चार ग्रामसभा. नोटीस सात पूर्ण दिवस आधी, असाधारण सभेला चार. नोटिशीचा दिवस आणि सभेचा दिवस धरायचा नाही. १ मेची सभा असेल तर नोटीस २३ एप्रिलला लागायला हवी. तुमचा विषय त्याआधी लेखी द्या आणि पोच घ्या. "ऐनवेळचे विषय" म्हणून पाण्याचा विषय शेवटी येतो तेव्हा निम्मी सभा उठलेली असते.

गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांत कमी असेल ती संख्या. १४०० मतदार असतील तर १००, ४०० असतील तर ६०. गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा परत भरते तेव्हा गणपूर्ती लागत नाही, पण नवा विषयही घेता येत नाही. म्हणूनच विषय मूळ नोटिशीत असणं महत्त्वाचं. पेसा क्षेत्रात (आदिवासी अनुसूचित भागात) पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते, तिथे पाड्याच्या विहिरीचा निर्णय पाडा घेतो.

महिला ग्रामसभा नियमित ग्रामसभेच्या आधी घ्यायची असते. ती केवळ सह्यांपुरती होऊ देऊ नका. नळाला किती वाजता आणि किती वेळ पाणी येतं, त्याला वास कसा येतो, हे तिथेच नेमकं कळतं. तिथला ठराव मुख्य सभेत वाचून दाखवायला लावा.

गावठाण

ठराव तर दरवर्षी होतो. "पाणीपुरवठा सुरळीत करण्यात यावा असे सर्वानुमते ठरले." पुढे काही नाही.

नोंदवही

कारण तो ठराव नाही, ती इच्छा आहे. त्यावर गटविकास अधिकाऱ्यांनाही काही विचारता येत नाही. ठरावात काय, कुठे, किती, कोणत्या निधीतून, कधीपर्यंत आणि जबाबदारी कुणाची हे हवं. नमुना देतो :

"पेठेतील गटार ओलांडणाऱ्या जलवाहिनीचे तीन ठिकाणचे सांधे बदलून आवरण पाइप बसविणे, पेठ व खालच्या वस्तीतील तोटी नसलेल्या नळांना तोट्या बसविणे, सार्वजनिक विहीर उपसून स्वच्छ करणे व उंच टाकी धुणे ही कामे ३१ मेपूर्वी पूर्ण करावीत. खर्च पाणीपुरवठा निधीतून करावा. ५० किलो टीसीएलचा साठा सतत शिल्लक ठेवावा. टीसीएल व ओटी नोंदवही प्रत्येक मासिक सभेत ठेवावी. जबाबदारी ग्रामपंचायत अधिकारी व पाणीपुरवठा समिती यांची राहील. पूर्ततेचा अहवाल जूनच्या मासिक सभेत व पुढील ग्रामसभेत वाचण्यात यावा. सूचक, अनुमोदक. सर्वानुमते मंजूर."

निधीचं नाव विचार करून लिहा. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ च्या अनुदानात ६० टक्के बंधित, म्हणजे ठरावीक कामांनाच राखलेलं होतं, त्यातलं निम्मं पिण्याच्या पाण्यासाठी आणि निम्मं स्वच्छतेसाठी. पण वित्त आयोगाच्या पैशातून करायचं काम मंजूर आराखड्यात नोंदलेलं असावं लागतं. आराखड्यात नसलेलं काम ठरावात टाकलं की ते तांत्रिक कारणाने अडकतं आणि पावसाळा निघून जातो. तोट्या, ग्लँडची दोरी, टीसीएल अशा छोट्या खर्चासाठी पाणीपट्टीचा पैसा बरा. तो मासिक सभेच्या मंजुरीने लगेच वापरता येतो. अर्थात पाणीपट्टी वसूल झालेली असेल तर.

पाणवाटा

वसुलीबद्दल एकच. घरपट्टी-पाणीपट्टीची पावती नमुना १० मध्ये लगेच फाडून द्या. आणि वर्षाचा पाण्याचा हिशोब फळ्यावर लावा : वीजबिल, टीसीएल, दुरुस्ती, पगार, आणि समोर जमा. हा कागद लावलेल्या गावांत पाणीपट्टी वाढवायचा ठराव भांडणाशिवाय होतो.

स्रोत टिकवायचा विषयही याच सभेत घ्या. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घ्यायला भूजल कायद्याने १९९३ पासून बंदी आहे. उन्हाळ्यात गावची विहीर आटते तेव्हा शेजारच्या शेतातली नवी बोअर बघावी. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घेण्यावर गावानेच बंधन घातलं आणि पडलेल्या पावसावर पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून पिकं ठरवली, म्हणून तिथे पिण्याचं पाणी शेवटपर्यंत राहतं.

शिवारफेरी

सगळ्यांचे आभार. नोंदवहीदादा, एक शंका. सभेत ठराव एक होतो आणि प्रोसिडिंगमध्ये दुसराच लिहिला जातो, त्यावर काय?

नोंदवही

सभा संपण्यापूर्वी ठराव वाचून दाखवा अशी मागणी करा. इतिवृत्त तिथेच लिहून घ्यावं, शेवटच्या ओळीखाली रेघ मारावी आणि मग सह्या. कोऱ्या पानावर सह्या आधी आणि मजकूर नंतर ही पद्धत बंद पाडा, हजेरीची पानं वेगळी आणि ठरावाची वेगळी ठेवा. आठवड्याने ठरावाची नक्कल मागा. मिळाली नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवस. मजकुरात फरक आढळला तर पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त कायम करण्याचा विषय येतो, तिथे हरकत लेखी नोंदवा, आणि तिची प्रत विस्तार अधिकारी पंचायत यांच्याकडे द्या.

उंबरठा

ठरावाच्या मसुद्यात एक भर घाला. ओटी नोंदवहीत शेवटच्या नळाचा रकाना वेगळा असावा आणि तिथे त्या घरातल्या बाईची सही घ्यावी. टाकीखालचा आकडा टाकीखाली बसून लिहिता येतो. शेवटच्या घराचा आकडा तिथवर चालत गेल्याशिवाय लिहिता येत नाही.